मिसरीला कोणी तंबाखू म्हणत नाही

माझा नवरा गेला आणि त्याच आठवड्यात माझ्या नणंदेच्या पोटात कळा येऊ लागल्या, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांनी या दोन गोष्टींची गाठ मारून टाकली. "भावाचं दुःख पोटात गेलं," असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता आठवत नाही. पण एकदा म्हटलं गेल्यावर ते घरभर झालं. दारात चपला काढता काढताच बायका एकमेकींना सांगायच्या. आत येऊन आधी माझ्या गळ्यात पडायच्या, मग नणंदेच्या, आणि मग तिच्या पोटावर हात ठेवून म्हणायच्या, "हितं बसलंय बघ दुःख." जणू पाहुणा येऊन बसावा तसं ते तिथे बसलं होतं आणि चहापाणी झालं की उठून जाणार होतं.

मी गप्प राहत असे. नवरा गेलेल्या बाईने वाद घालायचा नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं. शिवाय मी तशी कमीच बोलते. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी वर्षानुवर्षं नोकरी करते; तिथे बोलायचं नाही अशी पाटीच असते. नवऱ्याच्या नात्यातले लोक मला "पुस्तकवाली" म्हणतात. त्यात कौतुकही असतं आणि टोमणाही.

नणंदेला मी आक्का म्हणते. ती माझ्या नवऱ्यापेक्षा बरीच मोठी. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे त्याला कडेवर घेऊन वाढवलं ते आक्कानेच. तिचं लग्न झालं ते राहुरीजवळच्या गावात. ऊस, दोन म्हशी आणि एक मुलगा, जो टेम्पो चालवतो. भाऊ नागापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझर झाला तरी आक्का त्याला "भावड्या" अशीच हाक मारायची, त्याच्या साहेबांसमोरसुद्धा.

मधल्या वर्षांत आक्काचं वजन फार वाढलं. साखर वाढली. गुडघे गेले. जमिनीवर बसली की तिला उठता येईना, आणि उठवायला दोन माणसं लागायची, म्हणून ती बसायचीच नाही. आमच्याकडे काही कार्य असलं की पंगत खाली बसायची आणि आक्का एकटी पलंगावर ताट मांडीवर घेऊन जेवायची. तिला ते फार लागायचं. माझ्या नवऱ्याला त्याहून जास्त. कुठूनतरी त्याला त्या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती मिळाली आणि मग त्याने दुसरं काही बोलायचंच सोडलं. "आक्का, मी तुला परत पंगतीत बसवतो," म्हणायचा. ती म्हणायची, "पोट कापून घ्यायचं? जेवायचं तरी कशानं मग?" पण भावाचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता, तोही मोडला नाही.

डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. जठराचा वरचा लहानसा भाग, साधारण लिंबाएवढा, वेगळा करायचा आणि तो खाली लहान आतड्याला जोडायचा. मग थोडं खाल्लं की पोट भरतं. मला समजलं. आक्काने चित्राकडे बघून विचारलं, "अन् बाकीचं पोट कुठं जातं?" डॉक्टर म्हणाले, ते आतच राहतं. "मग कशाला लिंबू वेगळं काढायचं?" असं ती परत येताना गाडीत पुटपुटत होती.

ज्या प्रसंगासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे, तो त्याच दवाखान्यातला. शस्त्रक्रियेआधी एक आहारतज्ज्ञ मुलगी आली. पुण्याकडची असावी, गोड बोलायची, भराभर विचारायची.

"आजी, स्मोकिंग नाही ना?"

आक्काने भावाकडे बघितलं. "काय म्हन्ती ही?"

"बिडी-सिगारेट ओढतेस का विचारतायत."

आक्का इतकी हसली की पलंग हलला. "मी? बिड्या वढते व्हय मी? अगं पोरी, माझा सासरा वढायचा. त्याच्या खोकल्यानं आमी समदी जागी. त्या धुराचा मला लई राग हाय."

"तंबाखू वगैरे?"

"न्हाई बाई. ते गड्यांचं काम."

मी बाजूला बसले होते. मी म्हणाले, "त्या मिसरी लावतात."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं. "अगं, ती दातांसाठी."

"दातांचीच हाय," आक्का म्हणाली. "ही आमची पुस्तकवाली ब्रश करते, आमी मिसरी लावतो. यात काय?"

मुलीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांसमोर एखादी गुलाबी दंतमंजनाची डबी आली असणार. ती पुढच्या प्रश्नाकडे वळली आणि मी जे बोलले ते तिथेच विरून गेलं. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं: तंबाखू नाही, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, आणि पित्ताची गोळी आम्ही थांबवेपर्यंत थांबवायची नाही. आमच्या सगळ्यांच्या माना एकदम हलल्या.

ज्यांनी मिसरी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात. भाजताना घरात थांबता येत नाही. डोळ्यांतून पाणी येतं, ठसका लागतो. मग ती चुरून भुकटी करायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर पहिलं बोट तिच्यात. दातांवर चोळायची आणि तशीच तोंडात धरून अंगणात बसून राहायचं, थुंकायचं, परत चोळायची. तिच्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं उठतं, कामाला हात लागत नाही. ज्या गोष्टीवाचून माणसाचं डोकं उठतं तिला आपण काय म्हणतो, हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त मिसरीच्या बाबतीत ठाऊक नव्हतं. तंबाखू म्हणजे चुन्याबरोबर तळहातावर मळतात ती. तव्यावर भाजली, डबीत भरली आणि बाईच्या हातात आली की ती तंबाखू राहत नाही, दात घासायची वस्तू होते.

शस्त्रक्रिया छान झाली. आक्का उतरत गेली. झंपर सैल झाले, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या, आणि एका साखरपुड्यात ती खरोखरच पंगतीत खाली बसली. वाटीभर वरण, दोन घास भात. माझा नवरा वाढायचं सोडून तिच्यासमोर उभा राहिला होता, हातात पळी तशीच. जेवण झाल्यावर ती एका हाताचा टेकू घेऊन स्वतःची स्वतः उठली, तेव्हा त्याने मान वळवली.

पण ज्या बाईचं अर्धं आयुष्य चुलीपुढे, खाण्यात आणि खाऊ घालण्यात गेलं, तिचं खाणं चार घासांवर आलं तर बाकीचा दिवस तोंडाने काय करायचं? हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही. आक्काच्या बोटाला त्याचं उत्तर सापडलं होतं. पूर्वी सकाळी एकदा लागायची ती मिसरी आता दुपारी म्हशींना पाणी दाखवल्यावर, मालिका बघताना, आणि अशीच कधीही लागायला लागली.

मग माझा नवरा गेला. दुपारपाळीला गेला होता, मशीनपाशी छातीत दुखलं, आणि घरी आणला तो रुग्णवाहिकेतून. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

दिवस आमच्या नगरच्या घरातच करायचे ठरलं. आक्का आली ती सरळ जमिनीवर बसली. मी खुर्ची पुढे केली तर तिने ती पायाने मागे सारली. "भावड्यानं मला खाली बसवली, आता त्याच्यासाठी खालीच बसनार." ती बसली ती बसलीच. सतरंजीवर, भिंतीला पाठ न टेकता, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. गावाकडून टेम्पो भरून बायका यायच्या, रडण्याचा एक लोंढा यायचा, ओसरायचा, आणि ओसरला की कोणाच्या तरी कमरेची पिशवी निघायची. पिशवीतून डबी. डबी सतरंजीवरून फिरायची, जसं दुसऱ्या घरात पानाचं तबक फिरतं तशी. रडून घसा सुकलेल्या बायका बोट बुडवायच्या, आणि मग थोडा वेळ कोणी बोलायचं नाही. खरं सांगायचं तर त्या तेरा दिवसांत मला शांतता मिळाली ती तेवढीच.

दोन-तीन दिवसांत आक्काचे गुडघे सुजले. त्यावरही त्याच पिशव्यांमध्ये उपाय होता. माझी चुलत सासू, जिला सगळे काकी म्हणतात आणि जिच्या परवानगीवाचून आमच्या भावकीत पान हलत नाही, तिने चांदीच्या कागदातली गोळी काढून दिली. "घे, लई भारी गोळी हाय. मी तर ऊस खुरपायला जाताना घेतीया."

"काकी, त्यांना डॉक्टरांनी या गोळ्या नको सांगितल्यात," मी म्हणाले.

"अगं, ही डाक्टरची गोळी न्हाई, मेडिकलातली हाय."

तोवर आक्काने ती पाण्याबरोबर गिळलीही होती.

आणि मग कळा. जेवल्यावर छातीच्या खाली आग पडायची, आक्का ओठ दाबून पुढे वाकायची. घास उतरेना. सुतकातलं जेवण ते केवढं. फोडणी नाही, तळण नाही. तरी ज्याला त्याला कारण सापडत होतं. शेजारणीच्या मते वांग्याची भाजी. नात्यातल्या एका शिक्षकाच्या मते टेन्शन. त्याने त्याच्या मेहुण्याचं उदाहरण दिलं आणि ते संपेपर्यंत चहा निवला. एकीचं म्हणणं, देवाने दिलेलं पोट कापलं त्याची ही फेड. एकीने नजर काढली, मीठ-मोहऱ्या गॅसवर टाकल्या आणि शेगडी बिघडवली. पण या सगळ्यांवर मात केली ती दुःखाने. दुःख सर्वांनाच पटत होतं. त्यात कोणाचा दोष नव्हता, कोणाला काही सोडावं लागत नव्हतं, आणि आक्काचा मान वाढत होता. "बहीण असावी तर अशी," असं माझ्यासमोर बोललं जायचं. माझ्या पोटात काही दुखत नव्हतं, हे त्या वाक्यात बोलायचं राहून गेलेलं असायचं.

मी भाच्याला, म्हणजे आक्काच्या मुलाला, बाजूला घेतलं. "तुझ्या आईला दवाखान्यात न्यायला हवं. दुर्बीण घालून बघतील."

"मामी, तेरावा हू द्या. सुतकात कुठं दवाखाना सुरू करायचा?"

"दवाखाना म्हणजे दुकानाचं उद्घाटन आहे का?"

तो ओशाळून हसला. वाईट मुलगा नाही तो. "आई बी न्हाई म्हन्ती. भावाचं दिवस सोडून उठनार न्हाई म्हन्ती."

दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी आक्का मोरीतून बाहेर आली ती भिंत धरून. चेहरा पिठासारखा. मी हात दिला तर तळवा गार आणि ओला. विचारलं, काय होतंय. ती अगदी सहज म्हणाली, "काय न्हाई. चक्कर आली. दोन दिस झालं, शी काळी व्हतीया. डांबरावानी. मिसरी गिळली जाती ना, त्यानं."

इतक्या दिवसांत मिसरीला कोणी पहिल्यांदाच बोल लावला होता, आणि तोही नको तिथे.

काळी, चिकट शी म्हणजे आत रक्त जातंय, एवढं मला कळत होतं. नसतं कळलं तरी नवऱ्याचा तसाच गार तळवा हातात धरून मला फार दिवस झाले नव्हते. मी आत गेले, चप्पल शोधली. घरातली माझी चप्पल कोणीतरी पलंगाखाली सारून ठेवली होती, कारण मी बाहेर जाणार नाही हे गृहीतच होतं. ती वाकून काढताना मला पहिल्यांदा, तो गेल्यानंतर पहिल्यांदा, भयंकर राग आला. सगळ्यांचा. त्याचाही. "अगं, ती दातांसाठी," हे त्याचं वाक्य मला तिथे पलंगाखाली वाकलेली असताना स्पष्ट ऐकू आलं.

"टेम्पो काढ," मी भाच्याला म्हणाले.

काकी दारात आडवी झाली. "अगं, दहावा न्हाई झाला आजून. अन् तू उंबरा वलांडतीस? लोक काय म्हनतील?"

"लोक इथेच बसलेत, काकी. त्यांनाच विचारा."

"त्याच्या जिवाला शांती न्हाई मिळायची अशानं."

"त्याच्या जिवाला काय हवं होतं ते मला माहीत आहे," मी म्हणाले आणि आक्काला धरून पायऱ्या उतरले. मागे एकदम शांत झालं. डबी फिरत असताना होतं तसं.

दवाखान्यात रक्त चढवलं, सलाईन लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. नवऱ्याचा दहावा भावकीतल्या एका पुतण्याने केला. मी त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर होते. कावळा शिवला का, हे मला कोणी फोन करून कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. लहान केलेलं पोट जिथे आतड्याला जोडलं होतं, नेमकं तिथे खोल, पांढरट खड्डा होता, कडेला लाल. "जोडावरचा अल्सर," ते म्हणाले. "वेळेवर आलात. आणखी खोल गेला असता तर भोक पडतं."

"साहेब, तिचा भाऊ गेला," भाचा म्हणाला. "ते दुःख तिनं पोटात घेतलं."

डॉक्टर पडद्यावरून त्याच्याकडे वळले. "दुःखानं भूक जाते, झोप जाते. पण नुसत्या दुःखानं इथं असा खड्डा पडलेला मी तरी पाहिला नाही. कारणं बरीच असतात. तंबाखू. अंगदुखीच्या गोळ्या. पित्ताची गोळी मधेच सोडणं. पोटात एक जंतू असतो, त्याची तपासणी लावलीये. साखर वाढलेली असली तर जखम भरत नाही. कधी आतल्या टाक्याचाही त्रास होतो." मग आक्काकडे वळून म्हणाले, "तंबाखू खाता का, मावशी?"

"न्हाई," आक्का म्हणाली. अगदी खरं बोलल्यासारखं, कारण ती खरंच बोलत होती.

"मिसरी लावतात," मी म्हणाले. "दिवसातून कितीतरी वेळा. सुतकात बसल्यापासून तर मोजदाद नाही. गुडघ्यांसाठी मेडिकलमधल्या गोळ्या घेतल्या, आणि पित्ताची गोळी कधी सोडली ते मला माहीत नाही."

"पित्त व्हतच न्हवतं, तर कशाला घेऊ?" आक्का म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. मिसरी म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. ते याच जिल्ह्यातले होते. "मावशी, मिसरी ही भाजलेली तंबाखूच आहे. तोंडातून रक्तात जाते, आणि शिवलेल्या जागेला नीट रक्त मिळू देत नाही. हे आधी कोणी विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं," मी म्हणाले. जो उत्तर देऊन गेला, त्याला आता कोण विचारणार?

"मग नक्की कशानं झालं, साहेब?" भाच्याला एकच कारण हवं होतं. खरं म्हणजे मलाही.

"ते मी सांगू शकणार नाही. यातलं एक असेल, सगळी मिळून असतील. म्हणून सगळीच बंद करायची."

परत येताना आक्का टेम्पोत माझ्याशेजारी बसली, पण तोंड खिडकीकडे. घर जवळ आल्यावर एकदम म्हणाली, "माझ्या भावासाठी झालंय म्हनलं असतं, तर तुझं काय बिघडत व्हतं?"

मी औषधांची पिशवी मांडीवर सरळ केली.

"समदे म्हनत व्हते. मला बी बरं वाटायचं. त्याच्यासाठी एवढं तरी केलं म्या. तू त्या डाक्टरपुढं मला तंबाखूखाऊ केलीस."

"आक्का, मला आणखी एक तेरावा करायचा नाही," मी म्हणाले. ती खिडकीबाहेरच बघत राहिली. पलीकडे भाचा उगीचच हॉर्न वाजवत होता.

औषधांसाठी आणि परत दुर्बिणीसाठी दवाखाना जवळ हवा, म्हणून आक्का माझ्याकडेच राहिली. ते महिने आठवले की अजून कपाळाला आठी पडते. टूथपेस्ट तिला सहन व्हायची नाही. "दात घासते का जिलबी खाते, कळंना." डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, माझ्यावर चिडायची, म्हशींच्या आठवणीने रडायची, पातळ औषध चमच्याने दिलं की "खडूचं पानी" म्हणून नाक मुरडायची. भाचा गावाकडून भाजी आणायचा. एकदा मेथीच्या जुडीत डबी निघाली. मी ती त्याच्यासमोर कचऱ्यात टाकली. तो म्हणाला, "मामी, ती लई तळमळती हो. बघवंना." मला बघवत होतं का?

मग एक दिवस मी ग्रंथालयातून लवकर घरी आले, आणि जिन्यातच ठसका लागला. दार उघडलं तर घर निळसर धुराने भरलेलं. माझ्या पोळ्यांच्या तव्यावर आक्का तंबाखू भाजत होती. ती कुठून मिळवली, अजून सांगितलेलं नाही.

मी आयुष्यात कोणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. काय काय बोलले ते पूर्ण आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, तुमच्या भावाने तुमच्या पोटासाठी सही केली ती तुम्हाला पंगतीत बसवायला, माझ्या घरातून तिरडीवर न्यायला नाही. आणि असंही म्हणाले की तो मूर्ख होता, त्या दिवशी त्याने मला बोलू द्यायला हवं होतं.

आक्काने गॅस बंद केला. पदराने तवा उचलून खिडकीत ठेवला. मग ओट्याला टेकून उभी राहिली.

"मला दात न्हाई ग घासायचं," ती म्हणाली. "दात हायेत किती तोंडात? पन करू काय त्या तोंडाचं? जेवन म्हनशील तर चार घास. बोलायचं तर भाऊ न्हाई. रोज सांच्याला त्याचा फोन यायचा. काय जेवलीस इचारायचा. चार घासांचं बी मी त्याला घटकाभर सांगायची."

धूर हळूहळू खिडकीतून जात होता. त्याचा तो संध्याकाळचा फोन मला माहीत होता. मी त्याला हसायचे, की भाताच्या चार शितांवर एवढं काय बोलता.

त्या दिवसापासून मी संध्याकाळी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले. हे काही मी औषध म्हणून केलं नाही. मला बोलता येत नाही, वाचता येतं, एवढंच. ती आधी निधनवार्ता वाचायला लावायची, मग उसाचा भाव, मग बाकीचं. एक बातमी धड पूर्ण होऊ द्यायची नाही. मंत्र्यांना शिव्या, हवामानखात्याला शिव्या, माझ्या उच्चारांना नावं ठेवायची. मुळा धरणाचं पाणी किती आहे हे मला तोंडपाठ झालं. कधीकधी मला इतका वैताग यायचा की मी पेपर घडी करून ठेवायचे, आणि ती म्हणायची, "वाच की. रुसलीस व्हय?" तोंडात भाजलेली बडीशेप असायची. मधूनमधून बोट आपोआप ओठांपाशी जायचं आणि परत यायचं.

पुढची दुर्बीण झाली तेव्हा खड्ड्याच्या जागी फिकट गुलाबी कातडी होती. जंतूची तपासणी आधीच निर्दोष आली होती. डॉक्टर म्हणाले, भरलाय, पण पित्ताची गोळी चालू ठेवा आणि बाकीचं परत कधीच नको. आक्काने मान हलवली. मी तिच्या मानेवर विश्वास ठेवायचं केव्हाच सोडलं होतं. मी तिच्या बोटाकडे बघितलं. त्याचा काळपटपणा गेला होता.

वर्षश्राद्धाला सगळे पुन्हा जमले. तीच सतरंजी, त्याच बायका. आक्का या वेळी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पाय लांब करून. रडणं झालं, पिशव्या निघाल्या, काकीची डबी फिरायला लागली. ती आक्कापाशी आली तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आक्काने डबी घेतली. उघडली नाही. शेजारणीच्या हातात दिली.

"का गं?" काकी म्हणाली.

"सोडली."

"बरं केलंस. पन बघ, वरीस झालं, दुःख निवलं, तसं पोट बी निवलं. मी म्हनलं व्हतं ना तवा?"

सतरंजीवरच्या साऱ्या माना हलल्या. माझ्या ओठांवर सगळं तयार होतं. जोड, खड्डा, काकीच्याच पिशवीतली ती लई भारी गोळी, सगळं. आक्काने माझ्याकडे बघितलं. मग काकीला म्हणाली, "व्हय काकी. त्याच्याचमुळं."

मी ट्रे खाली ठेवला. "काकी, चहा घ्या," म्हणाले. "बिनसाखरेचा डावीकडचा."

जेवायच्या वेळी मी आक्कासाठी टेबल ओढायला गेले तर ती म्हणाली, ते असू दे, माझं पान खाली मांड, जेवन हुईस्तवर काय होत न्हाई. पंगतीच्या टोकाला, भिंतीजवळ, मी तिचं पान मांडलं. तिने वरणात भात कालवून हळूहळू चार घास खाल्ले आणि आमटी अळणी झाल्याचं मला ऐकवलं. मग पान पुढे सारलं, हात धुतला, आणि गुडघ्यावर एक हात ठेवून दुसरा माझ्याकडे वर केला.

"वढ," म्हणाली. "नुसती बघत काय बसलीस?"